बाबांचं आजचं वाचन

आमचे बाबा कुलपं दुरुस्त करतात. रोज सकाळी चहा निवेपर्यंत ते चर्चच्या पुस्तिकेतलं त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचतात, त्यातली एक ओळ उचलतात आणि संध्याकाळपर्यंत ती जगतात. बाकीचे लोक वाचतात, मान हलवतात आणि कामाला लागतात. बाबांचं तेवढ्यावर भागत नाही.

'ठोठावा म्हणजे उघडलं जाईल' आलं, त्या दिवशी एका बाईंची किल्ली हरवली होती. बाबांनी हत्यारांच्या पिशवीला हात लावला नाही. वीस मिनिटं नुसतं दार ठोठावलं. शेवटी बाईंचे कानानं अधू सासरे डोळे चोळत आले आणि त्यांनी कडी काढली!

पण ताईच्या वेळी आमचं धाबंच दणाणलं. पाव भाजणाऱ्या एका मुलावर तिचा जीव जडलेला, आणि त्याची आई दुपारी आमच्याकडे येणार होती. तिच्या होकारावर सगळं अडलेलं.

आईनं सकाळीच विचारलं, "अहो, आज काय आलंय?"

बाबांनी पुस्तिका पुढे केली. शपथा घेऊ नका, तुमचं होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही असू द्या.

"म्हणजे खोटं बोलायचं नाही. एवढंच ना?"

"नाही."

"मग दिवसभर तुम्ही हे दोनच शब्द बोलणार?"

"होय."

आईनं कपाळावर हात मारला.

दुपारी विहीणबाई आल्या. आपल्या हातची बिस्किटं घेऊन. बाबांनी एक चावायचा प्रयत्न केला.

"चांगली झालीत ना?"

"नाही."

आईला ठसका लागला. मी पाणी आणायला पळाले आणि दारातच थबकले, कारण पुढचं चुकवणं शक्य नव्हतं.

"मुलीला स्वयंपाक येतो?"

"नाही."

"बाबा!" ताई ओरडली.

"रागीट आहे का हो?"

"होय."

"सकाळी लवकर उठते?"

"नाही." हे सांगताना बाबांचा चेहरा इतका पडला, की मलाच त्यांची दया आली.

विहीणबाईंनी पर्स मांडीवर घेतली. झालं, उठणार आता. ताईनं माझा दंड असा आवळला, की वळ उठला.

"एक शेवटचं विचारते. माझ्या मुलाला ती मनापासून जपेल?"

बाबा ताईकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होय."

विहीणबाईंनी पर्स बाजूला ठेवली. "पोरींची तोंड फाटेस्तोवर स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. तुमच्या एवढ्या नाहींनंतरचं हे होय मला पुरे आहे. मी तयार आहे."

ताई बाबांच्या गळ्यात पडली. "बाबा, रडताय?"

"नाही," बाबा नाक ओढत म्हणाले.

त्या एका 'नाही'साठी शनिवारी ते पापकबुलीला जाऊन आले. आम्ही विचारलं, "फादर काय म्हणाले?"

"हसले."