दोनदा साडेचोवीस

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे गृहपाठ अडला की विचारायला कोणी नसतं. जे येतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेतलं. तिथल्या बाईंनी पाचवीत एक गोष्ट घोटून घेतली होती : आधी एकाचं काढा, मग हवं तेवढ्यांचं. बारा कोंबड्यांना इतके दाणे, तर एकीला किती? मग सातजणींना किती? मला ते फार आवडायचं. अजून आवडतं.

बीएस्सीच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्राच्या सरांनी गणित घातलं. वीस ग्रॅम कॉस्टिक सोडा पूर्ण उदासीन करायला किती ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल लागेल? खालापूरला बसची वाट बघत मी समीकरण जुळवलं. आम्लाचा रेणुभार अठ्ठ्याण्णव, सोड्याचा चाळीस. आम्लाच्या एका रेणूला सोड्याचे दोन लागतात, म्हणजे ऐंशी ग्रॅम सोड्याला अठ्ठ्याण्णव ग्रॅम आम्ल. एका ग्रॅमला किती ते काढलं, विसानं गुणलं. साडेचोवीस.

वर्गाच्या ग्रुपवर मात्र कोणीतरी एकोणपन्नास टाकलं होतं. माझ्या बाकावरची मैत्रीण म्हणाली, "खोड गं ते. सगळ्यांनी एकोणपन्नास लिवलंय. तूच काय येगळी हायस?"

"दोन रेणू लागतात सोड्याचे. त्यांनी एकच धरलाय."

"मग मर एकटी."

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांची एकोणपन्नासं कापली आणि माझी वही वर धरली. "उत्तर बरोबर आहे. कुठून उतरवलंस?"

"मीच केलं सर. आधी एका ग्रॅमचं..."

"मोल कुठे आहेत? वजन भागिले रेणुभार, ते सूत्र कुठे आहे? हे पाचवीचं गणित झालं." वर्ग हसला. सरांनी वही बंद केली. "सूत्र झेपत नसेल तर आर्ट्सला जा. विषय बदलायला शनिवारपर्यंत मुदत आहे."

ते रागानं नाही म्हणाले. त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी आई साजगावच्या कारखान्यातून पॅकिंगचं काम करून आली. भाजी चिरता चिरता तिनं सगळं ऐकलं.

"उत्तर बरोबर हाय ना पण?"

"हाय."

"कुणाचं बघून नाय लिवलं?"

"नाय गं."

"मंग रडतेस कशाला? सांग जा तसं त्यांना."

मला वर्गात हजेरी द्यायलाही आवाज फुटत नाही. तरी सकाळी तास सुरू झाल्याबरोबर उभी राहिले. "सर, मी उतरवलेलं नाही. दुसरं गणित द्या. इथंच सोडवते."

सरांनी खडू पुढे केला. "फॉस्फोरिक आम्ल घे. सोडा तीस ग्रॅम. पूर्ण उदासीन करायचा."

मी माझ्याच पद्धतीनं सोडवलं. मुद्दाम. या आम्लाला सोड्याचे तीन रेणू लागतात, म्हणजे एकशेवीस ग्रॅमला अठ्ठ्याण्णव. एका ग्रॅमला किती, तिसाला किती. उत्तर लिहिलं आणि मीच ते पुन्हा वाचलं. साडेचोवीस.

"पाठ केलंय रं तिनं!" मागून कोणीतरी ओरडलं. बाकं वाजायला लागली. मैत्रिणीनं डोक्याला हात लावला.

"पुन्हा बघ," सर म्हणाले.

डस्टर माझ्या हातात होतं. पुसून टाकावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण प्रत्येक ओळ वरून खाली पाहिली तर एकही चुकलेली नव्हती.

"बरोबर आहे सर. काल वीस ग्रॅम होते, ऐंशीचा पाव. आज तीस आहेत, एकशेवीसचा पाव. दोन्ही आम्लांचा रेणुभार अठ्ठ्याण्णवच. उत्तर तेच येणार."

सरांनी फळ्याच्या कोपऱ्यात मोल काढून पाहिले. खडू थांबला तेव्हा तिथंही साडेचोवीसच होतं.

"बस खाली," ते म्हणाले. मग जरा थांबून, "परीक्षेत मोल लिहिले नाहीस तर मार्क कापीन."

"मोल शिकेन सर. लिहीनही. पण आर्ट्सला जाणार नाही."

आता मोल येतात मला. उत्तरपत्रिकेत नीट लिहिते. पण आधी समासात पेन्सिलीनं एकाचं काढते, आणि ते खोडत नाही.

त्या शनिवारी ऑफिसच्या खिडकीशी विषय बदलणाऱ्यांची रांग होती. मी तिच्या बाजूनं थेट लॅबमध्ये गेले.