फाशीचा हलता देखावा

एका गणपतीत मी आमच्याच गल्लीतल्या मुलाला रोज संध्याकाळी फाशी देत होतो. मुलगा गोणपाटाचा होता, आत पेंढा भरलेला. पण शर्ट खरा होता.

एवढं तुम्हाला कदाचित ठाऊक असेल. बडोद्यातल्या मराठी मंडळींपैकी असाल तर माझ्याच तोंडून ऐकलंही असेल. फाशीच्या शिक्षेविरुद्ध बोलायला मला अधूनमधून बोलावतात — सयाजीगंजात, कुणाच्या वाचक मंडळात, कधी निवृत्तांच्या मेळाव्यात — आणि हा किस्सा मी शेवटाला राखून ठेवतो. "आणि मग मला बघवेना. मी प्लग उपटला." असं म्हणून पाण्याचा ग्लास उचलतो. टाळ्या पडतात. एकदा तर शाल मिळाली.

प्लग मी उपटला नव्हता.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळातल्या कुणाला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही समोर नाही म्हणून, दुसरं काय. पण सगळं एकदम सांगवणार नाही. जरा लांबून येतो.

आमची गल्ली मांडवीच्या मागे. बरीचशी घरं मराठी. पणजोबा म्हणे महाराजांच्या फौजेत होते; त्यांच्या मिशांचा एक फोटो आमच्याकडे आहे, तलवार मात्र कुणी पाहिलेली नाही. माझ्या हातात आला स्क्रू-ड्रायव्हर. जन्मभर एका कारखान्यात जळलेल्या विजेच्या मोटरींना नवी तार गुंडाळत बसलो, आणि दर गणपतीत मंडळाचा हलता देखावा केला. हलता म्हणजे कसा, तेही ऐका. एका वर्षी माझा कृष्ण कालियाच्या डोक्यावर उलटा फिरायला लागला आणि सगळा वेळ प्रेक्षकांना पाठ दाखवून नाचला. एका वर्षी मारुती द्रोणागिरीसकट पहिल्या रांगेतल्या बायकांत उतरला. लोक हसायचे, मीही हसायचो. गल्लीत मला कुणी फार मनावर घेत नसे, हे आधी सांगून ठेवतो.

त्या वर्षी उन्हाळ्यात शहराच्या टोकाला, छाणीला, एकट्या राहणाऱ्या एका बाईंचा खून झाला. हातातल्या बांगड्यांसाठी. पकडला गेला किशोर — पाणी शुद्ध करायची मशिनं दुरुस्त करायला घरोघर जाणारा, आमच्या गल्लीतल्या विष्णूभाऊंचा मुलगा. विष्णूभाऊ म्हणजे आमच्या आरतीचा वरचा सूर. आम्ही सगळे खाली घसरायला लागलो की ते एकटे आरती वर धरून ठेवायचे.

गल्ली हादरली, असं मी भाषणात म्हणतो. खरं म्हणजे गल्ली लाजली. बाजारात गेलं की शेठ सुटे पैसे मोजता मोजता विचारायचा, "तमारी गलीनो छोकरो ने?" एवढंच. पण इतक्या पिढ्या इथं राहून, त्यांच्याच भाषेत भाजी घेऊन, एका प्रश्नात आम्ही परत बाहेरगावचे झालो. निदान मला तसं वाटलं.

मंडळाची बैठक बसली. भाषणात मी सांगतो की तरुण पोरांनी फाशीचा देखावा ठरवला आणि माझा विरोध होता. पोरं बिचारी अंतराळयान करू म्हणत होती! फाशीची कल्पना माझी. मी म्हणालो, "आपणच लटकवू त्याला. गावाला दिसू दे आपण कुणाच्या बाजूचे आहोत ते." अध्यक्ष नाना म्हणाले, "अरे, विष्णूच्या दारासमोर?" त्यावर मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "मुलगा वाढवताना विचार करायचा होता विष्णूभाऊंनी." बैठकीत पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. फार बरं वाटलं.

मग मी कामाला लागलो. आणि सांगायला लाज वाटते — माझ्या सगळ्या देखाव्यांत बिघडला नाही असा तो एकच. गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन, बिजागऱ्यांवर एक फळी. बटण दाबलं की फळी पडायची, बाहुलं खाली यायचं, दोराला झटका बसायचा आणि पाय थरथरायचे. पायांत स्प्रिंगा घातल्या होत्या मी, मुद्दाम. मग मोटर दोर गुंडाळत त्याला पुन्हा वर उभं करायची. नाव कुठंच लिहिलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती. पोलिसांच्या गाडीतून उतरतानाच्या फोटोत किशोरच्या अंगात हिरव्या चौकडीचा शर्ट होता; तसाच शोधायला मी फोनवर तो फोटो घेऊन मांडवीच्या बाजारात दुकानामागून दुकान फिरलो. मिळाला तेव्हा केवढा आनंद झाला! मुलाच्या लग्नाचं कापड घेतानाही झाला नव्हता.

गर्दी लोटली. गल्लीच्या तोंडापर्यंत रांग. पोरं खांद्यावर बसून ओरडायची, "काका, हजी एक वार!" आणि बटण माझ्या हातात. पुन्हा एकदा. अजून एकदा. लोक फोन वर धरून शूटिंग करायचे. माझ्याकडे बघून कुणी हसत नव्हतं. मी कालियाच्या डोक्यावर उलटा फिरणारा माणूस राहिलो नव्हतो.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण भाषणात ती कधी येत नाही. फाशीविरुद्ध मी जे मुद्दे मांडतो — कोर्टही चुकू शकतं, गरिबाला चांगला वकील मिळत नाही, मेलेला माणूस निर्दोष ठरून परत येत नाही — ते सगळे वाचलेले आहेत. खरे आहेत, पण माझे नाहीत. माझ्याजवळ स्वतःचा म्हणावा असा एकच पुरावा आहे: बटण दाबताना हात कापत नाही. उलट हात शिवशिवतो. आपण वाईटाचा नाश करतोय, लोक टाळ्या वाजवताहेत, वर गणपती बघतोय — याहून सोयीचं सुख मला आयुष्यात दुसरं मिळालेलं नाही. हे मी स्टेजवरून कसं सांगणार? मला शाल कोण देईल?

आलो. आता जवळ आलो.

उत्सव निम्म्यावर आला असेल. दुपारची वेळ, पडदा ओढलेला, मी एकटाच चेनीला तेल देत बसलो होतो. पडदा बाजूला करून विष्णूभाऊ आत आले. अटकेनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर येत होतो. मला वाटलं, शिव्या देतील. दोन-चार उत्तरं तयारही केली. त्यांनी बाहुल्याकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही. चेनीकडे बघत म्हणाले, "देखावा बंद करा म्हणत नाही मी. शर्ट तेवढा बदला."

मी चेनीवर आणखी एक थेंब तेल सोडलं.

"ही खिडकीत बसते," ते म्हणाले. "पडदा उघडायच्या आधीपासून. मी ओढून आत नेतो, ती परत येऊन बसते. जेवत नाही. शर्ट दुसरा असला तर मला तिला सांगता येईल, अगं हा आपला नव्हे."

एवढंच मागणं. एक शर्ट. माझ्या स्वतःच्या अंगातला काढून चढवला असता तरी चाललं असतं. पण मग त्याला ओळखणार कोण? शर्टासाठी तर रांग होती. मी म्हणालो, "भाऊ, माझ्या हातात काही नाही. कमिटीनं ठरवलंय. मी आपला वायरिंगवाला."

हा खोटेपणा झाला. पण तेवढाच असता तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

ते हलेनात. माझी चुळबुळ सुरू झाली, आणि चुळबुळ झाली की मी विनोद करतो, ही माझी जुनी खोड. म्हणालो, "अहो, पेंढा आहे नुसता. बघा तरी!" — आणि त्यांना दाखवायला बटण दाबलं.

फळी पडली. बाहुलं खाली आलं.

विष्णूभाऊ धावले. पंच्याहत्तरीच्या आतबाहेरचा माणूस, गुडघे धरून चालणारा — धावले, आणि बाहुल्याचे पाय दोन्ही हातांनी कवटाळून त्याला वर उचललं. दोर सैल पडावा म्हणून. तुम्हाला दिसतंय ना, कशासाठी उचललं ते? मला दिसलं. त्याच क्षणी दिसलं, नंतर विचार करून नव्हे.

तेवढ्यात मोटरनं दोर गुंडाळायला घेतला. दोर ताणला, बाहुलं वर निघालं, आणि भाऊ सोडेनात. वरून मोटर ओढतेय, खाली ते पायांना लटकलेले. मोटर घुरघुरायला लागली, तारांवरचं वार्निश जळल्याचा वास आला. जन्मभर तो वास ओळखत आलेला माणूस मी. आणि मी ओरडलो —

"सोडा! मोटर जळेल!"

हे ते. हेच सांगायचं होतं.

एक बाप आपल्या मुलाला फासावरून सोडवत होता, आणि मी मोटर वाचवत होतो. पेंढ्याचा मुलगा होता, म्हणाल तुम्ही. हो. पण बापाचे हात पेंढ्याचे नव्हते. शेवटी मीच त्यांची बोटं एकेक करून सोडवली. ओढून काढली, असं म्हणायला हवं. ते हात झाडून पडद्याबाहेर गेले. मोटर तोवर गेलीच होती.

संध्याकाळी रांग लागली आणि बाहुलं हलेना. नाना तावातावाने आले. मोटर जळाली म्हणालो असतो तर कशी जळाली ते सांगावं लागलं असतं. शिवाय पोरं पुन्हा मारुती-कृष्ण काढून हसली असती. मी म्हणालो, "मीच बंद केलं. मला बघवेना, नाना." बोलून गेलो आणि दचकलो. नानांनी मला मिठी मारली. डोळ्यांत पाणी त्यांच्या! म्हणाले, "मलाही बघवत नव्हतं रे, बोलायची हिंमत झाली नाही." दुसऱ्या दिवशी बाहुलं उतरवलं, तिथं पोरांचं अंतराळयान लागलं. चाललं नाही तेही.

आणि मी फाशीविरोधक झालो. कुणीतरी बोलायला बोलावलं, मग वाचावं लागलं, वाचता वाचता ते पटतही गेलं. आज खरंच पटलेलं आहे — यात तरी खोटं नाही. पण किस्सा मात्र दरवर्षी सुधारत गेला. आधी मी नुसता प्लग उपटायचो. मग विष्णूभाऊ मला पडद्याआड येऊन नमस्कार करायला लागले. अलीकडे तर ते माझे हात हातात घेऊन रडतात.

आता तुम्ही वाट बघत असाल की किशोर निर्दोष निघाला. मीही बघितली होती वाट. तसं झालं असतं तर माझी लाज जरा थोर दिसली असती. खून त्यानंच केला होता. त्यानं कबूल केला, जन्मठेप झाली, अजून आत आहे. आणि त्या छाणीच्या बाई — ज्यांच्यासाठी मी हे सगळं करतोय असं छाती काढून सांगत होतो — त्यांचं नाव मला आज आठवत नाही. बसल्या बसल्या किती वेळ आठवून पाहिलं. नाही आठवत.

विष्णूभाऊ या हिवाळ्यात गेले. त्या दुपारनंतर आम्ही गल्लीत हजारदा समोरासमोर आलो असू. बोललो एकदाही नाही. मी भेटायला गेलो. खोलीत सतरंजीवर आठ-दहा माणसं, वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या. बोलायला कुणाकडे काही नव्हतं. तेव्हा नाना म्हणाले, "अरे, तू सांग ना तो गणपतीतला प्रसंग. विष्णूला किती मानायचास तू, ते कळू दे या पोरांना."

नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय म्हणता आलं असतं. मी काय केलं असेल?

सांगितला. त्यांच्याच घरात, त्या खिडकीला पाठ करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. प्लग उपटला. त्यांनी हात हातात घेतले तिथं आवाज जड केला — तो आपोआप होतो आता. कुणीतरी डोळे पुसले.

वहिनी ऐकत होत्या. मी निघालो तेव्हा दारापर्यंत आल्या. मी खाली वाकून चपला घालत होतो, आणि त्या हळू आवाजात, रोजचं काहीतरी सांगावं तसं म्हणाल्या,

"भावजी, त्या दिवशी काय झालं ते ह्यांनी मला घरी आल्या आल्या सांगितलं होतं. पण तुमचं ऐकायला बरं वाटतं. खोटं बाकी तुम्हाला छान जमतं."