मुक्या झालेल्या बोलपटाला मी दिलेलं संगीत

बोलपटाचं संगीत म्हणजे त्यातली गाणी, असं मानणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडत आले. गाणं कोणीही गुणगुणतं. खरी परीक्षा असते ती कोणी गात नसताना मागे जे वाजतं, त्याची. सूर्य उगवला की बासरी आणि बाई रडली की व्हायोलिन, याला मी संगीत म्हणत नाही. रडणाऱ्या बाईमागे व्हायोलिन लावणं म्हणजे लेकराला चिमटा काढून रडवणं.

हे मत मी नुसत्या रेकॉर्डी जमवून बनवलेलं नाही. एकदा अर्ध्या सिनेमाला संगीत देऊन ते तपासून पाहिलं आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. मुंबईत जुना झालेला सिनेमा नागपूर, अमरावती करत आमच्या अकोल्यात पोचायचा. माझे यजमान वकील. कामानिमित्त नागपूरला गेले की माझ्या फोनोसाठी, म्हणजे ग्रामोफोनसाठी, रेकॉर्डी आणायचे. सिनेमाच्या गाण्यांच्या, सनईच्या, सारंगीच्या, लग्नातल्या बँडच्यासुद्धा. सासूबाईंना ते खूळ वाटे. "तुह्या या ताटल्यायनं घरात पाय ठेवाले जागा नाही राहिली," म्हणायच्या. सिनेमाचं वेड मात्र त्यांना माझ्याहून जास्त.

आमच्याच गल्लीच्या तोंडाशी एक टॉकीज होतं, पूर्वीचं सरकीचं गोदाम. तिथे एका दुपारी बायकांचा खास खेळ होता. आम्ही दोघी गेलो. मध्यंतर संपलं आणि पडद्यावरची माणसं नुसतेच ओठ हलवू लागली. आवाज गेला होता. थोड्या वेळाने मॅनेजर पुढे येऊन म्हणाले, "आवाजाचं यंत्र बिघडलं. आज खेळ इथेच बंद."

अकोटाहून बैलबंडी जुंपून आलेल्या बायका पुढे बसल्या होत्या. त्यांतली एक उभीच राहिली. "अर्धा सिनेमा पाहून आमी वापस जात नसतो बाप्पा!"

माझं माहेर अमरावतीचं. तिथे लहानपणी मुके सिनेमे पाहिले होते. पडद्यापुढे पेटीवाला आणि तबलजी बसायचे. मी सासूबाईंना म्हटलं, "माझा फोनो आणून वाजवला तर?"

"मंग बसली काहून? जाय, आण तुहा बाजा!"

मॅनेजर आधी कचरले, पण अकोटच्या बायकांकडे पाहून हो म्हणाले. दरवानाने फोनो आणि त्याचा मोठा कर्णा उचलून आणला, मी रेकॉर्डी आणल्या. पडद्याखाली स्टूल मांडलं. सासूबाई पदर खोचून चावी द्यायला बसल्या. दिवे मालवले.

संवादांची काळजी पडलीच नाही. सिनेमा पुष्कळ दिवस चालला होता, निम्म्या बायकांना तो पाठ, मीही आधी पाहिलेला. पडद्यावर सासू ओरडली की मागून कोणीतरी तिचं वाक्य फेकायचं आणि सगळं टॉकीज हसायचं. बाजाराच्या देखाव्याला मी बँड लावला. सावकार हसत घरात शिरतो तिथे लोकांना ढोल अपेक्षित असतो. मी सनई लावली, शुभकार्याची. एकदम शांतता पसरली. हसत आलेला माणूस किती भयंकर वाटतो, ते त्या सनईने दाखवलं.

मग शेवट आला. नायिका लेकराला झोपवून घर सोडते. मूळ सिनेमात इथे व्हायोलिनांचा पूर होता. मी सुई उचलली आणि हात मांडीवर ठेवला.

सासूबाई कुजबुजल्या, "लाव ना वं काहीतरी!"

"नाही."

"अवं, ते घर सोडून चालली न! सारंगी लाव!"

"काही लावायचं नाही, सासूबाई."

त्या रागाने चावी सोडून बसल्या. पडद्यावर ती बाई उंबऱ्याशी थांबली, मागे वळली. एकीनेही तिचं वाक्य म्हटलं नाही. अंधारात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. मी बरोबर होते.

बाहेर पडताना अकोटच्या बाईने माझा दंड धरला. "बाई, तो सनईवाला सावकार माह्या सपनात येईन आता." तेवढं मला पुरलं.

यंत्र दुरुस्त झाल्यावर मी तोच सिनेमा मुद्दाम पुन्हा पाहिला. शेवटी व्हायोलिनं कोसळली आणि शेजारची बाई पानाचा डबा शोधू लागली. मॅनेजरना मी बजावून सांगितलं, इथे आवाज बंद करत जा. ते हसले, त्यांनी तसं काही केलं नाही.

सासूबाईंनी मात्र हार मानली नाही. त्या दिवसापासून जेवण झालं की फोनोपुढे बसू लागल्या आणि सारंगीची रेकॉर्ड स्वतः काढून म्हणायच्या, "आइक. हे लावली असती तं बाया ओक्साबोक्शी रडल्या असत्या." मी म्हणायची, म्हणूनच लावली नाही. त्यावर आमचं कधीच पटलं नाही. पण पुढे आम्ही अमरावतीला माझ्या नणंदेकडे गेलो तेव्हा त्यांनी ही हकीकत रंगवून सांगितली, ती सांगताना त्या नायिका उंबऱ्याशी थांबते तिथवर आल्या आणि गप्प झाल्या. खोलीतल्या साऱ्याजणीही गप्प.

त्यांनीही तिथे सारंगी लावली नाही.