पटावरचे दोन डबे

बाबांनी अट घातली ती जेवताना, म्हणून जास्तच जड गेली. "या पटात तुहा डबा बोलला पाहिजे. साऱ्या गावानं ऐकलं, तर मंग खुशाल राळ जाळत बस. नाही बोलला, तर सोमवारपासून मागावर."

आंधळगावच्या बऱ्याच घरात असते तसा आमच्याकडं हातमाग होता. एक नाही, दोन. एकावर बाबा बसत, दुसरा रिकामा. आणि घरात मॅट्रिकले दोनदा आपटलेला मी. बाबांना जास्त काही समजवून सांगायची गरजच नव्हती.

मले मागाखालच्या त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं नव्हतं. मले माइकवर बोलायचं होतं. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, बाजारात बैल विकणारा दलाल, साऱ्याइच्या नकला मले येत. बाबांची पण येत होती, पण एकदा नक्कल करून राहिलो होतो तर ते मागंच उभे निघाले. तवापासून ती बंद.

आमच्याकडं शंकरपट म्हणजे बैलजोड्याइची शर्यत. माइक दरवर्षी किराणावाल्याच्या हातात, काहून का भोंगा त्याचा होता. जिंकलेल्या जोडीचं नाव तो असा सांगे, जसा कोणी गेल्याची खबर देऊन राहिला. मी कमेटीले म्हटलं, "औंदा मले द्या ना जी." कमेटी म्हणे, "सोताचा स्पीकरचा डबा आण, माइक तुहा."

अॅम्प्लिफायर शाळेचा मागून आणला. एका जुन्या रेडिओतून मोठा स्पीकर काढला, आणि भंडाऱ्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बारीक आवाजाचा एक बारका स्पीकर, ट्विटर, आणला. तो म्हणे, "नुसते जोडशील तर बारका जळन. मधात क्रॉसओव्हर पाहिजे. म्हणजे दारवान समज. जाडा आवाज मोठ्याकडं, बारीक आवाज बारक्याकडं. मोठ्याले तारेची कॉइल लाव, बारक्याले कंडेन्सर." त्यानं बिडीच्या कागदावर नकाशा काढला आणि खाली लिहिलं: कॉइल, दीडशे फेरे.

घरी कैया, म्हणजे तारा सांधायचं लोखंड, शेगडीत तापवला, राळेचा धूर केला, डोळे चोळत सांधे मारले. अर्धे सांधे तारेले लागले, अर्धे माह्या चड्डीले. कॉइल गुंडाळायची तर आत्याच्या चरख्यासारखी दुसरी मशीन कोणती? आत्या जन्मभर सुताच्या कांड्या भरत आलेली. तिले तार दिली, रिकामी कांडी दिली, म्हटलं, "आत्या, दीडशे फेरे." आणि मी कंडेन्सरकडं वळलो.

परत पाहतो तर कांडी गच्च भरलेली. तांब्याचं वांगं जसं.

"आत्या, दीडशे म्हटलं होतं ना!"

"मंग काय अर्धी सोडू? कोष्ट्याच्या घरात अर्धी कांडी कोणी ठेवते का? लोक काय म्हणतीन?"

मले वाटलं, जास्त झाली तर झाली, तार चांगलीच दिसते. लावून टाकली. दोन्ही स्पीकर दोन डब्यात बसवले, घरात शेजारी ठेवून बोललो, तर आवाज आला. आत्या एवढंच म्हणे, "तुले सर्दी झाली का बापा?"

पटाच्या दिवशी नवीनच भांडण. धावपट्टीच्या दोन्ही टोकाले माणसं. हे टोक म्हणे डबा आमच्याकडं, ते टोक म्हणे आमच्याकडं. मी म्हटलं, भांडता कायले? दोन डबे आहेत, एकेक घ्या. मोठा गेला शेवटच्या टोकाले, जिथं बाबा उभे होते. बारका गेला सुरुवातीले, जिथं बैल उभे राहत. मी मधात बंडीवर, माइक घेऊन.

हेडमास्तरची नक्कल केली. कोणी हसलं नाही. कंडक्टर केला. शेवटच्या टोकाचे लोक आभाळाकडं पाहून राहिले. नंतर कळलं, त्याइले नुसतं भुम, भुम, भुम ऐकू येत होतं. त्या भरगच्च कांडीनं सारे शब्द गिळले होते, फक्त घरघर पुढं सोडली होती. सुरुवातीच्या टोकाले याच्या उलटं. तिथं नुसतं स्स, फ्स, च्च. एक म्हातारी ओरडली, "अवो, डब्यात साप शिरला!" दोघं काठ्या घेऊन डब्याभोवती फिरून राहिले.

मले हे काहीच माहीत नाही. मी म्हटलं, आता हुकमी नक्कल काढतो. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, बैल सोडताना जिभेनं कसा टकटकारते ते केलं. च्च, च्च, टक, टक!

बारक्या डब्यातून ते बैलाच्या कानात सरळ गेलं. दिघोरीच्या पाटलाची जोडी उभी होती. धुरकरी अजून बाजूले चहा फुंकून राहिला होता. बैल सुटले. मागं रिकामा छकडा, त्याच्यामागं कप हातात घेऊन धुरकरी, त्याच्यामागं साप मारायले आलेले दोघं. जोडी सरळ रेषेत गेली आणि झेंडीच्या पार झाली. त्या दिवशी तेवढी कोणतीच जोडी पळाली नाही.

कमेटी म्हणे, "धुरकरी कुठं हाये?"

पाटील म्हणे, "शर्यत बैलाईची हाये का धुरकऱ्याची?"

यावर सारी दुपार गेली. माइक किराणावाल्याकडं परत. घरी येताना बाबा एकच वाक्य बोलले, "डबा बोलला नाही."

सोमवारी मी खड्ड्यात पाय सोडले. धोटा इकडून फेकू तर तिकडं दोरा तुटे. तो सांधू तर तिसरीकडं तुटे. बाबा पाहून राहिले. दुपारी दारात पाटील उभा.

"तो बारका डबा मले बनवून पाहिजे," तो म्हणे.

बाबा म्हणाले, "तो बोलत नाही जी."

"मले बोलणारा नकोच. बोलणारे घरी लय हायेत. तो फक्त टकटकारला पाहिजे."

बाबांनी पाटलाकडं पाहिलं, मंग माह्या मागावरच्या कापडाकडं. "गावानं ऐकलं पाहिजे म्हटलं होतं मी," ते म्हणाले. "ऐकलं बैलाईनं." ते कापड त्याइनं चिमटीत धरून पाहिलं. मंग म्हणाले, "उठ बे. सकाळपासून चार बोटं विणलं, त्यात दोन भोकं."

मी खड्ड्यातून असा बाहेर आलो, जसं कोणी ढकललं. बाबा सोता खाली उतरले आणि माहं विणलेलं उसवू लागले.

पाटील म्हणे, "दोन बनवजो. एक डाव्या बैलाले, एक उजव्याले. नाहीतर भांडतीन."