बहिऱ्या बटणानं थांबलेलं थ्रेशर

भूतखेत, करणी असला विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. आजही मानत नाही. पण हे लिहिल्याशिवाय चैन पडेना...

रिसोडला माझं मोटर स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. ताईच्या केनवडच्या शेतात विजेवरचं थ्रेशर आहे, त्याचा कंट्रोल बोर्ड मीच बनवलेला. त्यातली चिप मोटरचे फेरे मोजते. आकडा मोठा, म्हणून दोन तुकड्यांत लिहिते. मधेच दुसरं काम येऊन धडकलं — त्याला इंटरप्ट म्हणतात — तर अर्धा आकडा जुना, अर्धा नवा, सगळा घोळ. म्हणून तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करायचे, एका दमात लिहायचं आणि लगेच चालू करायचे. याला ॲटॉमिक काम म्हणतात. लाल स्टॉप बटणसुद्धा इंटरप्टवरच चालतं.

दसरा होऊन गेला होता. सकाळचे दहा वाजले असतील. मी पोती बांधत होतो. साडीवर भाऊजींचा जुना शर्ट घालून ताई सोंगलेलं सोयाबीन आत लोटत होती. शर्टाची बाही अडकली. हात कोपरापर्यंत आत ओढला गेला. भाऊजी बटणाकडे धावले... आणि मशीन खटकन थांबलं. दाते बोटांपासून वीतभर राहिले होते. स्क्रीनवर अक्षरं होती — STOP.

"टायमावर दाबलं भाऊजी तुमी," मी म्हणालो. ताईचा हात मी हळूच बाहेर काढला.

भाऊजी बटणापासून चार पावलं लांबच उभे. "म्या कुठी दाबलं? पोचलोच नाही ना बाप्पा."

लाईट गेली नव्हती, शेजारचा पंप चालूच होता. बोर्ड दुकानात आणून तपासला आणि माझीच चूक सापडली. वेग जास्त झाला की चिप कोडच्या ज्या भागात जाते, तिथं मी इंटरप्ट बंद केले होते, पण परत चालू करायची ओळ लिहायलाच विसरलो होतो. मेमरीत स्पष्ट दिसत होतं, मशीन सुरू होताच वेग चढून चिप तिथून गेली होती. म्हणजे सकाळपासून बटण बहिरं. टेबलावर कितीदा करून पाहिलं, बटण दाबलं तरी मोटर फिरतच राहते. आणि STOP लिहिणारी ओळ फक्त त्या बंद इंटरप्टमध्येच आहे. मग ती चालली कशी?

पुण्याचा एक मित्र म्हणाला, वायरमधला नॉईज, म्हणजे विजेचा खोटा झटका असेल. अरे, पण इंटरप्ट बंद असताना नॉईज आत शिरेल कुठून?

विसरलेली ओळ लिहून बोर्ड परत बसवला. ताई गावभर सांगते, "माह्या भावाच्या मशीननं माहा हात वाचवला." परवा जेवायला बोलावलं, त्याच हातानं वाढत होती. "काहून जेवून नाही राह्यला रे तू?"

माझ्या मशीननं तो हात घेतलाच होता. वाचवला कोणी, मला माहीत नाही. आणि हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.