तारेला काही कळत नाही

दुपारची जेवणं उरकली आहेत. सुनेने, मुक्ताने, ओटा पुसून घेतलाय, खिडकीतला कूलर घरघरतोय आणि कुमुदताई पलंगावर आपल्या बाजूला आडव्या झाल्या आहेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी दारं-खिडक्या लावून घ्याव्याच लागतात. अंधारलेल्या खोलीत पंख्याचं पातं फिरताना दिसतं, नाहीसं होतं, पुन्हा दिसतं. झोप लागतेय की नुसते डोळे मिटलेत, ते त्यांना कळत नाही. हल्ली बऱ्याच गोष्टींचं असंच होतं. भाकरी खाल्ली तर भाकरी खाल्ली एवढं कळतं. चव कळत नाही.

त्यांच्या यजमानांना, इंगळे सरांना, जाऊन महिना होत आला. कॉलेजात आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेला, बोलघेवडा माणूस. बाई मोठी धीराची, असं कुमुदताईंबद्दल सगळे म्हणतात. त्या सकाळी हेमंत, त्यांचा मुलगा, फोन हातात धरून नुसताच बसून राहिला, तेव्हा त्यांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि एकामागून एक सगळ्यांना स्वतः कळवलं. "इंगळे सर आज पहाटे गेले. अकरा वाजता नेणार. ठेवते." प्रत्येकाला तेच शब्द, तोच स्वर. पलीकडचं कुणी रडायला लागलं की त्या पुढचा नंबर लावायच्या.

ही सवय जुनी. ट्रंक एक्सचेंजमध्ये, परगावचे फोन तीन-तीन मिनिटांसाठी जोडून देण्यात, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. नोकरी लागली तेव्हा पर्वतेबाई नावाच्या सुपरवायझर होत्या, नऊवारी नेसून खुर्चीवर ताठ बसणाऱ्या. नव्या पोरींना त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या, "कान तारेसारखा ठेवायचा. तारेतून लग्नं जातात, मयती जातात, भांडणं जातात. तारेला काही कळतं का? नाही कळत. म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते." कुमुदताई ते इतकं मन लावून शिकल्या की पुढे घरातसुद्धा लोकांचं बोलणं त्यांच्या एका कानातून सरळ पुढे निघून जायचं. सर चिडायचे. "अगं, मी भिंतीशी बोलतोय का?" मग त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?"

आता भीती वाटते ती त्याचीच. मुक्ताने परवा हळूच विचारलं, "आई, तुम्हाला आत काही होत नाही का?" आणि कुमुदताईंनी खरंच आत डोकावून पाहिलं, तर तिथे काही नव्हतं. बातमी त्यांच्यातून साऱ्या गावाला गेली होती, त्यांच्यापाशी थांबली नव्हती. जन्मभराच्या माणसासाठी आपल्याला काहीच वाटलं नाही आणि असेच एक दिवस आपणही गेलो, तर? एवढा एकच विचार या महिन्याभरात त्यांना थोडाफार टोचतो. बाकी सगळं गार.

कूलरची घरघर दाट होत जाते. तिच्यात बायकांची कुजबुज मिसळते. "बार्शी, बार्शी, बोला बार्शी." "अक्कलकोट एंगेज आहे." कुमुदताई उंच स्टुलावर बसल्या आहेत. समोर बोर्ड आहे, बोर्डावर बारीक दिवे लुकलुकताहेत, डोक्यावर हेडसेटची पट्टी आणि डाव्या कानावर ती काळी, जड वाटी. साडी मात्र आजचीच, घरातली.

शेजारच्या स्टुलावर इंगळे सर बसले आहेत. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, बोटांना खडू लागलेला. हातात कागदाचा पुडा, त्यात भाजक्या शेंगा. दाढी गुळगुळीत केलेली. इस्पितळात ती पांढरी, खरखरीत झाली होती. हे कुमुदताईंच्या लक्षात येतं, आणि तेवढंच.

"अहो, इथे पुरुषमाणसांना येऊ देत नाहीत."

"आता मला कोण अडवतंय?"

"फोलपटं खाली टाकू नका. पर्वतेबाई ओरडतात."

"पर्वतेबाई भेटल्या मला," सर म्हणतात. "तिथंही सगळ्यांना ताठ बसवतात." शेंग फोडून ते दाणे कुमुदताईंपुढे करतात. त्या नको म्हणून मान हलवतात. "बरं, मी गेलो हे लोकांना कळलं ना? कसं घेतलं त्यांनी?"

कुमुदताई हिशेब द्यावा तशा सांगतात. "डॉक्टर कोऱ्यांनी वेळ लिहून घेतली. गुरुजी म्हणाले, वेळेचं काय करायचं, तिथी सांगा. महापालिकेतल्या माणसाला वेळही नको, तिथीही नको. त्याला आधारचा नंबर हवा. पेपरवाला म्हणाला, निधनाच्या बातमीतलं 'प्रेमळ' काढलंत तर एका ओळीत बसतंय."

"मग काढलंस?"

"काढलं."

सर खो खो हसतात. "बरं केलंस. त्या शब्दात माहिती काय होती? पेपरातला प्रत्येक मेलेला माणूस प्रेमळच असतो. जे वाचण्याआधीच ठाऊक असतं ते वाचून हाती काय लागतं? 'चिडके' असं छापायचंस. लोकांनी दोनदा वाचलं असतं."

"सुरू झालं तुमचं."

"तुझ्याच खात्यातलं गणित आहे ते. तिकडे अमेरिकेत टेलिफोनवाल्यांनीच काढलं. तारेतून किती माहिती जाते ते मोजायचं तर मजकूर चांगला की वाईट, खरा की खोटा, बघायचंच नाही. ऐकणाऱ्याला नवं काय मिळालं, तेवढंच मोजायचं."

"मजकूर बघायचा नाही, हे पर्वतेबाईंनीही सांगितलं होतं. परदेशात कशाला जायला हवं?"

स्टुलाखाली आता गच्ची आहे. रेल्वे लाइन्सजवळच्या जुन्या घराची गच्ची, सारवल्यासारखी थंड. चटईवर भुजबळ बसले आहेत, ज्वारी संशोधन केंद्रातले, सरांचे स्नेही. तेही चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या तळहातावर ज्वारीचा एक दाणा आहे, आणि वाद कधीचा सुरू आहे.

"वहिनी, तुम्हीच सांगा," भुजबळ म्हणतात. "धाट किती उंच वाढायचं, कणीस कधी धरायचं, सगळं या दाण्यात आहे. ऐकायला कुणी असो नसो. डब्यात ठेवला तरी आहे. इंगळ्यांचं गणित इथं चालत नाही."

"डब्यात ठेवलास तर तुझा दाणा मुका," सर म्हणतात. "मातीत पडला, ओल लागली, की मग बोलला."

"ओल लागेपर्यंत काय तो कोरा असतो का? काय बोलता सर. उगवला नाही म्हणून दाणा रिकामा होत नाही."

भुजबळ दाणा कुमुदताईंच्या हातावर ठेवतात. त्या बघत राहतात. कोरडा, टणक, पिवळसर. मूठ मिटायची की नाही हे त्यांना सुचत नाही. तेवढ्यात चटई पांढरी होते, तिची चादर होते, आणि गच्चीच्या कठड्याच्या जागी इस्पितळातल्या पलंगाचा कठडा येतो. पलंग रिकामा आहे. सर याही खोलीत उभे आहेत, पुडा हातात घेऊन. मशीनवर हिरवी रेघ चालली आहे, कुणाचीच नसलेली.

"इथं आकडेच आकडे होते," सर म्हणतात. "कोरे काय म्हणायचा, माहीत आहे? आकडा मशीनला दिसतो, पण ताप कळायला कपाळावर हात ठेवावा लागतो. तू ठेवला होतास."

"हो. गार होतं."

"मग? काय कळलं?"

"गार आहे, एवढं कळलं. डॉक्टरांनी, गुरुजींनी, सगळ्यांनी आपापल्या परीने घेतलं. मला कुणी विचारलं नाही."

"मी विचारतोय ना. तू काय केलंस त्या बातमीचं?"

"मी? मी जोडून दिली."

सर पुड्यात हात घालतात. शेंग फुटल्याचा आवाज येतो. समोर बोर्डावर एक दिवा लागतो.

कुमुदताई सवयीने कॉर्ड उचलून खोचतात. पलीकडून बाईचा आवाज येतो, लांबचा, नीटस. "सोलापूर? व्यक्तिगत कॉल आहे. जगन्नाथ इंगळे यांच्यासाठी."

व्यक्तिगत कॉल म्हणजे नाव दिलेलं माणूसच लाइनवर यायला हवं. ते नसेल तर बोलणं होत नाही, आणि बोलण्याचे पैसेही पडत नाहीत. सर परगावी परीक्षा घ्यायला गेले की शेजाऱ्यांच्या फोनवर असा कॉल लावायचे, कुणा देशमुख मास्तरांच्या नावाने. देशमुख मास्तर जगात नव्हतेच. शेजारी सांगायचे, नाहीत. पण घरी कळायचं की सर सुखरूप पोचले. "खात्याला फसवता," म्हणून कुमुदताई दोन दोन दिवस अबोला धरायच्या. आणि सर म्हणायचे, फसवत नाही, नकारातून निरोप धाडतो.

"पार्टी हजर नाही," कुमुदताई म्हणतात.

"केव्हा येतील?"

हे विचारायची रीतच आहे, आणि ऑपरेटरने वेळ सांगायची असते. कुमुदताई सरांकडे वळतात. ते शेजारच्या स्टुलावर बसलेत, एवढे जवळ की भाजक्या शेंगांचा वास येतो.

"अहो, घ्या ना. तुमचा कॉल आहे."

"मी नाही येणार लाइनवर, कुमुद."

"मग काय सांगू तिला?"

"आहे ते सांग."

"तुम्हीच सांगा. तुम्हाला बोलायला आवडतं."

"मला सांगून उपयोग नाही, मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही." ते पुड्यात बघत बोलतात. "आवाज ओळखलास का? इतकी वर्षं आवाजच तर ओळखत आलीस."

कुमुदताई वाटी कानाशी दाबून धरतात. पलीकडची बाई थांबून राहिली आहे. तिच्या मागे घरघर ऐकू येते, कूलरसारखी. तिचा श्वास नाकातून येतो, मधेच किंचित अडखळतो. तो श्वास कुमुदताई जन्मापासून ऐकत आल्या आहेत.

"हॅलो, ऑपरेटर," त्यांचाच आवाज पलीकडून विचारतो, सभ्यपणे, कसलाच संशय नसलेला. "केव्हा येतील ते?"

बिचारी. तिला कुणी सांगितलंच नाही. महिनाभर सगळ्या गावाला कळतंय आणि ही अजून फोन धरून बसलीय.

"बाई," कुमुदताई म्हणतात, "ते येणार नाहीत."

"आज नाही?"

"आज नाही. उद्याही नाही. ते वारले. पहाटे वारले. मी होते तिथे. शेवटी पाणी मागत होते, आणि डॉक्टर नको म्हणाले म्हणून मी नुसता ओला कापूस ओठांना लावला. मग मागणंही थांबलं."

मग पलीकडून तो आवाज येतो. एक्सचेंजमध्ये त्यांनी तो शेकडो वेळा ऐकलाय. बातमी माणसाला लागल्यावर येणारा, त्यात शब्द नसतात. तो आला की त्या बोर्डावरचा खटका वर करून लाइनमधून बाहेर पडायच्या. हात आताही खटक्यापर्यंत जातो.

"तीन मिनिटं झाली," मागून कुणी बाई म्हणते.

"वाढवून दे," इंगळे सर म्हणतात.

कुमुदताई हात मागे घेतात आणि ऐकत राहतात.

"आई. आई, उठा."

खोली तीच. उन्हं उतरली आहेत, बंद खिडकीच्या फटीतून तांबूस पट्टा भिंतीवर आलाय. कूलर बंद आहे. वीज गेलीय म्हणे बराच वेळ. कुमुदताई पलंगावर ताठ बसल्या आहेत. बसल्या केव्हा, त्यांना आठवत नाही. दारात मुक्ता उभी आहे, हाताला पीठ लागलेलं.

"कुणाशी बोलत होतात? मला वाटलं फोन आला." ती जवळ येते आणि थबकते. "अगंबाई, कानाला काय झालं?"

कुमुदताई हात लावून बघतात. डावा कान तापलाय, दाबून ठेवल्यासारखा चपटलाय, ठणकतोय. कानावरून थेट टाळूपर्यंत केसांत बोटभर रुंदीची पट्टी बसलीय, विंचरल्यासारखी सपाट. मुक्ता ती पट्टी बोटाने चाचपते, उशी उलटून बघते. उशीखाली काही नाही. उजव्या कुशीवर झोपायची त्यांची सवय तिला ठाऊक आहे.

"मुक्ता," कुमुदताई म्हणतात. आवाज आपला वाटत नाही. "अगं, हे गेले."

माहीत आहे, आई, असं मुक्ता म्हणत नाही. ती तशीच, पिठाच्या हातांनी, पलंगावर सरांच्या रिकाम्या बाजूला बसते.

"कसं झालं, आई?" ती विचारते.

कुमुदताई सांगायला तोंड उघडतात. पहिला शब्द येत नाही. दुसऱ्यांदा उघडतात.