अण्णांचा चोरदरवाजा

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा अण्णा एका गिऱ्हाइकाच्या दाराला बिजागरी बसवत होते. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचाही गेली. महिन्याभरानं दवाखान्यातून शिवाजी पेठेतल्या घरी आणलं, तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द उरला होता. ‘न्हाय.’ भूक लागली तरी न्हाय, पोट भरलं तरी न्हाय. दुखतंय का विचारलं तरी तेच.

चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. आई जाऊन चार वर्षं झाली होती, आणि मी एकुलती एक. पुण्याच्या शाळेत शिकवते, तिथून रजा टाकून आले होते. ती संपायला बारा दिवस राहिले होते आणि अण्णा भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. पेज भरवायला गेले की ओठ घट्ट मिटायचे. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी हात धरला की अण्णा अंग सैल सोडून द्यायचे.

एका सकाळी चादर बदलताना गादीखाली गोळ्या सापडल्या. नऊ होत्या. तोंडात धरून ठेवायचे आणि माझी पाठ वळली की काढून लपवायचे. मी त्या हातात घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

व्यायामाच्या बाई त्या दिवशी मला दारापाशी घेऊन गेल्या. “ताई, मनच उठलंय त्यांचं,” त्या म्हणाल्या. “त्यांनी जोर लावला न्हाय तर मी काय करणार? डाव्या हातानं का हुईना, आवडीचं काहीतरी करू द्या.”

आवडीचं म्हणजे रंधा, करवत, पटाशी. यातलं काहीच एका हातानं होण्यासारखं नव्हतं. मी रेडिओ लावून पाहिला. त्यांच्या पेठेतल्या तालमीच्या संघाचा फुटबॉलचा सामना मोबाइलवर दाखवला. त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग दुसरं काही सुचेना, म्हणून टॅबवर ठोकळ्यांचा खेळ उघडून त्यांच्या पोटावर ठेवला. लॉकडाऊनमध्ये पुण्याच्या खोलीत एकटी अडकले होते, तेव्हा मी तो खेळायची. दगडाचे, लाकडाचे चौकोनी ठोकळे एकावर एक रचायचे आणि पाहिजे ते बांधायचं.

“न्हाय,” अण्णा म्हणाले.

मी लहान असताना त्यांनी एका व्यापाऱ्याच्या घरात कपाटामागं चोरदरवाजा केला होता. कुणाच्या घरात ते आईलाही सांगितलं नव्हतं, पण तो कसा सरकतो ते मात्र जेवताना ताटावर हात फिरवून दाखवायचे. ते मला एकदम आठवलं.

“अण्णा, चोरदरवाजा करूया की. मला जमंना झालाय.”

त्यांनी मान वळवली.

पहिले दोन दिवस त्यांचं डावं बोट नुसतं घसरत होतं. एक ठोकळा ठेवायला जायचे, तीन फुटायचे. तिसऱ्या दिवशी भिंत उभी राहिली, सरळ, ओळंब्यात. मी माझ्या मोबाइलवरून त्याच जगात शिरून पिस्टन कसे लावायचे ते दाखवलं. तारेसारखी वीज नेणारी लाल भुकटी अंथरायची, खटका लावायचा. खटका दाबला की पिस्टन पुढं येतो आणि भिंतीतला ठोकळा ढकलून वाट बंद करतो. सोडला की वाट उघडायला पाहिजे.

पण ती उघडत नव्हती. पिस्टन मागं यायचा, ठोकळा जागेवरच राहायचा. मी एका व्हिडिओवर बघून शिकले होते, तेही अर्धवट. दोन दिवस आम्ही तिथंच अडकलो. अण्णांनी सगळं मोडून दोनदा नव्यानं बांधलं आणि दोन्ही वेळा भिंत तशीच बंद राहिली. त्यांचा श्वास चढायचा, मान लाल व्हायची. मी काय घेऊन बसले, या माणसाला आणखी एकदा हरवायला का, असं मला झालं.

सहाव्या दिवशी दुपारी त्यांनी टॅब बाजूला सारला आणि डाव्या हाताचा अंगठा बोटांवर घासायला लागले. मी मीठ आणलं. “न्हाय.” तेल आणलं. “न्हाय! न्हाय!” ते माझ्याकडं बघत जोरजोरात घासत राहिले, आणि मला वाटलं, तंबाखू. डॉक्टरांनी कायमची बंद केलेली तंबाखू.

“तंबाखू?” मी ओरडले. “मी नोकरी टाकून इथं बसलेय, आणि तुम्हाला अजून तंबाखूच पायजे व्हय? मरायचंच असलं तर तसं सांगा!”

अण्णा रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलेलं, आवाज निघत नव्हता, नुसती लाळ आणि पाणी. मी पुसायला पुढं झाले, तर त्यांनी माझं बोट धरलं, स्वतःच्या बोटांमध्ये दाबलं, हळूच सोडवलं. परत दाबलं, परत सोडवलं, जणू काहीतरी चिकटतंय.

“सरस?” मी विचारलं. लाकूड जोडायचा सरस.

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

पिस्टनला ठोकळा चिकटलेला नव्हता, म्हणून तो मागं येत नव्हता. मी घाईघाईनं खेळातली सामानाची यादी उघडली. दुसऱ्या जातीचा पिस्टन होता, तोंडाला हिरवा चिकट डाग असलेला. मी इतक्या वेळा त्याच्यावरून बोट फिरवलं होतं. अण्णांनी तो बघितलेलाही नव्हता, त्यांना फक्त सांधा कळला होता.

“चुकलं माझं, अण्णा,” मी म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते जुने पिस्टन काढायला लागले होते.

तासाभरानं भिंत उघडली. खेळात ते आत गेले, आणि दरवाजा माझ्या तोंडावर बंद झाला. खटका त्यांनी फक्त आतल्या बाजूला ठेवला होता.

“अण्णा, उघडा की.”

“न्हाय,” ते म्हणाले. ओठाचा चांगला कोपरा वर गेला होता. मी बराच वेळ त्या दगडी भिंतीसमोर उभी होते. मग त्यांनी आपणहून खटका सोडला. संध्याकाळी त्यांनी पेज खाल्ली. गोळ्या गिळल्यावर मी त्यांना जीभ दाखवायला लावली, आणि त्यांनी दाखवली.

त्यामुळं सगळं नीट झालं असं नाही. उजवा हात आला नाही, आता येणारही नाही. काठी घेऊन ते मोरीपर्यंत जातात. आठ-दहा शब्द परत आले, त्यात माझं नाव नाही. राधानगरीहून आत्या येऊन त्यांच्याजवळ राहिली, आणि मी रजेच्या शेवटच्या दिवशी पुण्याला निघाले. बसमध्ये बसल्यापासून शहराबाहेरचा शिरोलीचा नाका मागं पडेपर्यंत मला उतरून परत जावंसं वाटत होतं.

रविवारी चार वाजता आम्ही खेळतो, ते तिथं टॅबवर, मी पुण्याहून मोबाइलवर. कधी चारला अण्णा खेळात येत नाहीत. मग मी आत्याला फोन लावते, आणि तिनं उचलेपर्यंत वाजलेल्या घंटा मोजत राहते.